वाजला की उचलायचा

आषाढातली दुपार. पाऊस असा की पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येऊ नये. तरी आमच्या शेडमधला, खांबावरचा सामायिक फोन वाजतोय हे मला अंगणातच कळलं, इतकी वर्षं तो आवाज कानात बसलेला. छत्री मिटून पागोळ्यांखालून आत येईपर्यंत घंटा चालू होती. आत पाच-सहा जण होते. दोघं मूर्तींच्या हातांना चिकण माती चढवत होते, एक जण पंपाच्या मोटरचं वाइंडिंग करत होता आणि एक पोरगा पाटाच्या फळीवर पॉलिश पेपर घासत बसला होता. फोन त्याच्यापासून चार पावलांवर. मी रिसीव्हरला हात घातला आणि घंटा थांबली. कानाला लावला तर नुसता डायल टोन. "कोणीच कसा उचलला नाही रे?" म्हणून विचारलं, तर पोराने कानातली एक गुंडी काढली आणि सरळ सांगितलं, "म्हजो न्हय तो."

उद्धटपणा त्यात अजिबात नव्हता. त्याचा फोन त्याच्या खिशात असतो. त्याच्यासाठी काही असेल तर तो तिथे थरथरतो, वर नाव दिसतं, मग तो ठरवतो. खांबावर वाजतो तो दुसऱ्या कोणाचा तरी. त्याच्या बाजूने बघितलं तर यात चुकीचं काहीच नाही. मी पुढे बोलले नाही, फोनांच्या नोंदींची वही उघडली आणि पेन हातातच राहिलं. लिहायचं काय? कोणाचा, कोणासाठी, कशासाठी, काहीच ठाऊक नाही. आमच्या सेटवर नंबर दिसायची सोय नाही. शेवटी वेळ घातली आणि पुढे लिहिलं, "उचलला नाही". आमच्या वहीत अशी दुसरी नोंद असेल असं मला वाटत नाही.

रात्री अंथरुणावरही तेच मनात घोळत राहिलं.

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावातली ही शेड कोणा एकाची नाही. वर्षभर तिथे मेस्तांचं सुतारकाम चालतं, एका कोपऱ्यात वेल्डिंग, पलीकडे मोटरींचं काम, माळ्यावर आम्हां बायकांच्या गटाची शिलाई यंत्रं. ज्येष्ठ सरला की अर्धी शेड चित्रशाळा होते, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवायची जागा, लोक मूर्तीसाठी घरचा पाट तिथे आणून देतात, आणि बाकीच्यांनी मुकाट्याने अंग चोरून बसायचं, त्यावर कधी वाद झालेला नाही. कार्तिकानंतर जत्रांचे दिवस आले की रात्री तिथेच नाटकाची तालीम. फणसाच्या लाकडाचा पिवळा भुसा, ओल्या मातीचा थंड वास, वेल्डिंगची जळकट चव घशात आणि कोणीतरी मोठ्याने घोकत असलेला स्वगताचा तुकडा, हे सगळं एका छपराखाली. मधल्या चिऱ्याच्या खांबावर लाकडी पेटीत फोन. पेटी फणसाची, मेस्तकाकांनी केलेली, आणि तिला पुढून एक खाच, रिसीव्हर तेवढा उचलता यावा म्हणून. डायल आत, कुलपाखाली. आलेला फोन कोणीही घ्यावा, करायचा असेल तर किल्ली मागावी. हा नियम कोणी लिहून लावला नव्हता, तो पेटीतच होता.

खेडोपाड्यांत फोन आले ते सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची छोटी ग्रामीण एक्स्चेंजं आल्यावर. १९८४ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने आपल्या हवेला टिकणारी, थंड खोली न लागणारी एक्स्चेंजं बनवली आणि पत्र्याच्या शेडीतल्या माणसालाही नंबर मिळायची आशा वाटू लागली. आमचं कनेक्शन मेस्तकाकांच्या नावावर घेतलं, कारण शेडला स्वतःचं असं कागदावर काही नव्हतं. पहिल्या दिवसापासून बिल त्यांच्या नावाने यायचं आणि वाटणी सगळ्यांची असायची. याचा त्रास काय असतो ते सामायिक वस्तू सांभाळलेल्यालाच कळेल. पैसे थकले तर नोटीस एकाच्या दारात, आणि थकवणारे सहा.

वही त्यातूनच आली. कॉल करणाऱ्याने तारीख, नंबर, किती वेळ बोलला हे लिहायचं. दर दोन महिन्यांनी बिल आलं की मेस्तकाका कामावरून उठून हात धुवायचे, चष्मा लावायचे आणि बेरीज करायला बसायचे. बेरीज कधीही जुळत नसे. स्थानिक कॉलला तीन मिनिटांची पल्स, म्हणजे बिल मोजायचा टप्पा, होती; चार मिनिटं बोललं तरी मीटरवर दोन पडायचे, आणि एसटीडीला, म्हणजे परगावच्या कॉलला, तर अंतराप्रमाणे, वेळेप्रमाणे पल्स बदलायची. दिवसा मुंबईला दोन शब्द बोललेला माणूस वहीत "१ कॉल" लिहायचा आणि एक्स्चेंजमधल्या मीटरवर तेवढ्यात कितीतरी पल्स पडून जायच्या. त्या पिवळ्या पाटीच्या पीसीओत, पैसे देऊन फोन करायच्या बूथवर, आकडा समोर पळताना दिसे, आमच्याकडे तो दोन महिन्यांनी कागदावर दिसे. पहिली काही वर्षं यावरून कडाक्याची भांडणं झाली. वेल्डिंगवाले म्हणत बायकांच्या गप्पा, आम्ही म्हणायचो ह्यांच्या लोखंडाच्या ऑर्डरी, चित्रशाळेवाले म्हणत आम्ही तर दोनच महिने असतो. मेस्तकाकांनी एके दिवशी वहीच्या मागच्या पानावर एक नवं खातं उघडलं आणि त्याला नाव दिलं "फरक". जे जुळत नाही ते "फरक"मध्ये टाकायचं आणि सगळ्यांनी सारखं भरायचं. कोणी लपवलं, कोण विसरलं, कोणाची पल्स धावली, काही विचारायचं नाही. भांडणं त्या दिवशी संपली असं नाही, पण त्यांचा जोर गेला. मी पुढे अनेक संस्थांचे हिशेब पाहिले. "फरक" नावाचं खातं असलेली वही मला दुसरीकडे सापडली नाही, आणि असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पेटीच्या कुलपाला पोरांनी कधीच नमवलं होतं. जुना गोल डायल फिरवला की तो परत येताना लाइन आकड्याइतक्या वेळा तुटते आणि जुळते. तीनला तीनदा, शून्याला दहादा. एक्स्चेंजला तेवढंच कळतं, डायल फिरला की नाही ते नाही. रिसीव्हरखालची कळ बोटाने त्याच लयीत दाबली की कुलूप तसंच राहून नंबर लागतो. नाटकातली तबल्याची साथ करणारी दोन पोरं यात तरबेज होती. रात्री तालीम संपल्यावर ती खांबाला टेकून टकटक करत बसत. मेस्तकाकांना ते कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "वहीत घातलास?" पोरांनी घातलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती घालू लागली, नंबरासमोर "कळ दाबून" असं लिहून.

पण मला सांगायचं आहे ते वहीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल. पुढून जाणाऱ्या फोनांची नोंद, उलटी धरली की येणाऱ्यांची. येणाऱ्या फोनाला पैसे पडत नाहीत, मग लिहायचं कशाला, असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटलं होतं. मेस्तकाकांनी रकाने आखले: कोणासाठी, कोणाचा, काय सांगितलं, कोणी ऐकलं. आणि शेवटचा अरुंद रकाना, "पोचवलं". तिथे ज्याच्यासाठी निरोप होता त्याने सही करायची. सही नसलेली ओळ दिसली की शेडमध्ये येणारा कोणीही विचारू शकत असे, हे कोणाकडे राहिलं? एक नियम मात्र ते तोंडाने सांगत. निरोप आपल्या शब्दांत लिहायचा नाही, समोरचा बोलला तसा लिहायचा. तो कोकणीत बोलला तर कोकणीत. त्यामुळे ती पानं आज वाचताना माणसं बोलतात. "पाट पावलो?" "उंची एक वीत कमी करा, दार बारीक आसा." "मोटर जाली काय सांगात, बागायत सुकता." दर वर्षी श्रावणात एखादी तरी ओळ अशी, "आमगेर सुतक आयलां. औंदूं गणपती नाका. पाट थंयच रावूं दी."

ही ओळ लिहून घेणाऱ्यावर काय येतं ते मला माहीत आहे. सुतक आल्याचं मूर्तिकाराला कळवायलाच हवं, नाहीतर मूर्ती उभी राहते. म्हणून घरचे रडणं आवरून आधी आपल्याला फोन करतात. गेलं कोण हे आपण विचारायचं की नाही? विचारलं नाही तर कोरडेपणा, विचारलं तर त्यांना पुन्हा सगळं सांगावं लागणार. मी विचारते. दोन मिनिटं त्यांचं ऐकते. मग चित्रशाळेत जाऊन त्या नावाच्या पाटावर खडूने खूण करते आणि मूर्तिकार हात थांबवून पाटाकडे बघतात. ज्यांच्या घरी मी कधी गेले नाही, पुढेही जाणार नाही, अशा घरांतले मृत्यू मला त्या घरांच्या शेजाऱ्यांआधी कळले आहेत.

एक दिवस तर डोळ्यांसमोरून जात नाही. आमच्या गटात नुकतीच यायला लागलेली विशीतली एक पोर माळ्यावरून सुई-दोरा घ्यायला खाली आली होती, फोन वाजला, तिने उचलला. बांबोळीहून, गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, आवारातून कोणी नातेवाईक बोलत होता. वेल्डिंग करणाऱ्या भाऊंचे वडील गेले होते. तिने ऐकलं, रिसीव्हर ठेवला, वहीत काही लिहिलं नाही. भाऊ तेव्हा ग्रिलच्या मधोमध वाकलेले, तोंडावर शील्ड, निळा झोत चालू. वेल्डिंग चालू असताना माणसाला हाक मारायची नाही, खांद्याला हात लावायचा नाही, एवढं तिला कोणीतरी शिकवलेलं होतं. ती त्यांच्यापासून थोड्या अंतरावर, झोताकडे पाठ करून उभी राहिली. रॉड संपेपर्यंत. त्यांनी शील्ड वर केली, तिला बघितलं, आणि तिला बोलावंच लागलं नाही. मी माळ्याच्या जिन्यावरून हे सगळं पाहत होते. तेव्हाही माझ्या मनात आलं, हे ओझं हिच्यावर का? ती त्यांची कोणी नव्हती, नावानेही धड ओळखत नव्हती. घरच्यांनी घरच्यांना सांगावं ही खरी रीत. पण भाऊ पुढे कित्येक वर्षं तिच्या घरचं काम निघालं की पैसे घेत नसत, तिच्या लग्नात मंडपाच्या दारात उभे राहून पाहुण्यांना पाणी देत होते. ते उपकार फेडणं नव्हतं. तिने त्यांची वाट पाहिली होती, त्यातून झालेलं ते नातं होतं, आणि त्याला नाव द्यायची दोघांनाही गरज पडली नाही.

सगळं गोड होतं असं मी लिहिणार नाही. खांबावरच्या फोनावर खाजगी काही राहत नसे. स्थळ चालू असलेल्या मुलीला तिकडून फोन आला की अख्ख्या शेडचा रंधा मंदावायचा. माळ्यावर पॅरलल सेट घेतला तेव्हा तर कोणी हळूच रिसीव्हर उचलून ऐकतंय का, ही धास्ती. दोन्हीकडे उचलला की आवाज बसतो, त्यावरून कळायचं, पण कोण ते कळायचं नाही. एका बाईचं सासरशी बिनसलं होतं, तिच्या भावाचा फोन यायचा आणि ती रिसीव्हरला दोन्ही हातांची ओंजळ करून भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. तेव्हा मेस्तकाका "चला, चहा घेऊया" म्हणून पुरुषमंडळींना बाहेर काढत. दिवसात तिसऱ्यांदा चहा झाला तरी कोणी काही बोलत नसे. पुढे त्यांनी लाइनला लांब वायर जोडून घेतली, सेट उचलून मूर्तींच्या फळ्यांमागे नेता येईल इतकी. त्या फळ्यांमागे कोण काय बोललं ते वहीत नाही आणि नाही तेच बरं.

उत्तर कर्नाटकातून आलेला एक गवंडी काही पावसाळे आमच्याकडे हेल्परकी करायचा. त्याची आई कुठल्यातरी बूथवरून फोन करायची. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हांला तिची. त्याने आम्हांला दोन शब्द शिकवून ठेवले होते, "इल्ला" आणि "संजे". नाही, संध्याकाळी. तो नसला की आम्ही ते दोन शब्द म्हणायचो, ती भरभर खूप काही बोलायची, मग फोन ठेवायची, आणि संध्याकाळी बरोबर पुन्हा करायची. वहीत तिच्या ओळीत "काय सांगितलं"च्या रकान्यात आम्ही लिहीत असू: "बरीच बोलली, आवाज ठीक होता." त्याला तेवढं पुरायचं. तो ती ओळ मला दोनदा वाचायला लावायचा.

फोनाचा जीव पावसात कळतो. तांब्याच्या तारेत जिथे जोड आहे तिथे पाणी शिरतं आणि मृगाच्या पहिल्या सरीपासून लाइनीत घरघर सुरू होते, मधूनच दुसऱ्याचंच संभाषण लांबून ऐकू येतं. जुन्या रिसीव्हरच्या बोलण्याच्या बाजूला कोळशाची बारीक भुकटी असायची, दमट हवेत ती गोठली की समोरच्याला आवाज जात नसे. मग रिसीव्हर तळहातावर दोनदा आपटायचा, भुकटी सुटी व्हायची. त्यात आमच्याकडे लाकडाचा भुसा आणि माती. श्रावणात रिसीव्हरवर चिकण मातीचे बोटांचे ठसे असत, एकावर एक वाळलेले, आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, उरकल्यावर तो ओल्या फडक्याने पुसणं हे माझं काम असे. विजा चमकायला लागल्या की वायर काढून ठेवायची हा कडक नियम. एकदा काढायची राहिली आणि सेट जळाला, त्याचे पैसे "फरक"मध्ये गेले. उघड्या तारांना हात लागला आणि नेमकी त्याच वेळी घंटा आली तर चांगला झटका बसतो, एरवी लाइनीवर अठ्ठेचाळीस व्होल्ट असतात पण घंटेसाठी एक्स्चेंज त्याहून बरंच जास्त सोडतं, हे मोटरवाल्या दादांनी मला स्वतःच्या अनुभवावरून सांगितलं. आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे ही वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून येते. गावातली लाइट गेली तरी फोन जिवंत. चवथीच्या आधीच्या रात्री लाइट जाणारच, मेणबत्त्या आणि बॅटऱ्यांच्या उजेडात मूर्तींचे डोळे रेखले जात असताना अंधारातून तो खणखणायचा.

मग फोनाचे दिवस बदलले. आधी सगळ्यांच्या नंबरांपुढे एक २ लागला. रस्त्यावरच्या आमच्या पाटीत तेवढी जागा नव्हती, पेंटरने तो अंग आक्रसून कसाबसा बसवला आणि तो आजही तसाच आहे. खिशांत मोबाइल आले. २०१२ साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा तर दिवसच्या दिवस घंटा ऐकू येईना. तोवर ट्रकवाल्यांचे फोन किती येत होते हे ते थांबल्यावर कळलं. पाटा तुटला, बॉडीला वेल्डिंग हवंय, मेस्त आहेत का. रस्त्यावरची लाल धूळ बसली आणि वहीची पानं रिकामी जाऊ लागली. मेस्तकाका गेले ते त्यानंतर. कनेक्शन माझ्या नावावर झालं, वही माझ्याकडे आली.

मध्ये एकदा ठरलं की लँडलाइन हवी कशाला, शेडसाठी एक साधा मोबाइल घेऊ. घेतला. पहिलाच प्रश्न, सिम कोणाच्या आधारवर? ज्याच्या आधारवर तो म्हणाला, मग माझ्याच जवळ राहू दे, उद्या काही झालं तर पोलीस माझ्या दारात येतील. त्याचं बरोबरच होतं. नंबर शेडच्या बँक खात्याला जोडला, म्हणजे पैसे काढायचे तर ओटीपी त्याच्या हातात. तो पणजीला गेला की फोन पणजीला. तो आजारी पडला की फोन त्याच्या उशाशी. पाटीवर नंबर शेडचा, पण उचलणारा माणूस घरी जेवत बसलेला, त्याला काय माहीत कोणाचा पाट पोचला आणि कोणाची मोटर झाली? तो बिचारा "सांगतो" म्हणायचा आणि सांगायचाही, पण वही शेडमध्ये आणि फोन खिशात, दोन्हींची गाठ पडेना. वर्षभरात तो नंबर त्याचाच झाला. त्याने तो बळकावला नाही. खिशातली वस्तू खिशाचीच होते. लँडलाइन तेव्हा काढली नव्हती ते बरं झालं, कारण २०२० च्या चवथीला, २२ ऑगस्टची ती चवथ, लोक घराबाहेर पडायला घाबरत होते आणि पाट द्यायलाही येऊ शकत नव्हते, तेव्हा त्यांना पाठ असलेला नंबर हाच होता. मूर्ती लहान करा, दीड दिवसच ठेवणार, मुंबईची मंडळी येणार नाहीत. वहीची पानं पुन्हा भरली. पुढच्या वर्षी १६ मेला तौक्ते वादळ गेलं, झाडं पडली, वीज गेली, मोबाइल एकेक करून मिटत गेले. आमची तार झाडांतून वाचली हे नशीब. गावातली माणसं छत्र्या घेऊन शेडमध्ये येऊन रांगेत उभी राहिली, मुलाला मडगावला, बहिणीला पेडण्याला, आम्ही बरे आहोत एवढंच सांगायला. त्या वर्षापासून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य फिरवावं लागतं, ते म्हाताऱ्यांना ठाऊक नव्हतं. मी पेटीवर खडूने मोठं ० काढून ठेवलं होतं.

त्या पोराशी मी नंतर बोलले. चार दिवसांनी, पाऊस उघडल्यावर. रागावून नाही, मला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याने दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही मी खोडू शकले नाही. एक, अनोळखी फोन उचलू नका असंच त्यांना सगळीकडून सांगितलं जातं. बँकेचं नाव सांगून लुबाडणारे, पार्सल अडकलंय म्हणणारे, त्याच्या मावशीचे पैसे असेच गेले आहेत. दुसरी गोष्ट त्याने जरा थांबून सांगितली. उचलला आणि समोरच्याने काही विचारलं तर मला काय सांगायचं ते माहीत नसतं. मी इथे नवा आहे, कोणाचा पाट कुठला ते मला ठाऊक नाही. हे ऐकून मला वाईट वाटलं, कारण आमच्या वेळी हे शिकवायला मेस्तकाका होते. कोणाला काही ठाऊक नसायचंच. न ओळखणाऱ्या माणसाला "थांबा हं, विचारतो" म्हणायचं, रिसीव्हर पेटीवर आडवा ठेवायचा, आणि शेडभर हाक मारत फिरायचं. तेवढ्या फिरण्यात शेडमध्ये कोण काय करतं ते आपसूक कळत जायचं. मी स्वतः मोटरवाल्यांशी पहिल्यांदा बोलले ती कुठल्यातरी बागायतदाराच्या पंपाची चौकशी घेऊनच. आता स्क्रीनवर नाव बघून मग उचलण्याची सवय लागलेल्या पोराकडून, नाव न दिसणारा फोन केवळ वाजतो म्हणून उचलण्याची अपेक्षा करायची तर आधी त्याला सोबत घेऊन फिरवायला हवं. मी त्याला वही उलटी धरून दाखवली. त्याच्या आजोबांचं अक्षर त्याला तिथे सापडलं, मातीच्या अंगठ्यासकट. बराच वेळ तो पानं चाळत होता. त्यातून तो बदलेल असा माझा दावा नाही, पण वही त्याने नीट जागेवर ठेवली.

आता तांब्याची लाइन काढून फायबर घ्या असं टेलिफोनवाले सांगून गेले आहेत. नंबर तोच राहील. घरघर जाईल, आवाज स्वच्छ येईल. पण फायबरमधून उजेड जातो, वीज जात नाही. म्हणजे लाइट गेली की भिंतीवरचा डबा मेला आणि त्याच्यासोबत फोनही. म्हणून मी बॅटरीचं काढलं आहे. डबा चालवायला छोटा यूपीएस पुरतो, रात्र काढायची तर मोठी बॅटरी लागेल, मोटरवाले दादा जोडून द्यायला तयार आहेत. वेल्डिंगकडच्या नव्या मंडळींचं म्हणणं की आम्हांला या फोनाचा उपयोग नाही, आम्ही वाटा का भरावा. त्यांच्या बाजूलाही वजन आहे, त्यांची गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवरच असतात. मी त्यांना भाऊंची गोष्ट सांगणार आहे, आणि ती ऐकूनही नाही म्हणाले तर त्यांचा वाटा "फरक"मध्ये टाकायचा असं सुचवणार आहे. ओटीपी, पैसे, बँक यातलं काहीही या नंबरवर बोलायचं नाही, तसं कोणी विचारलं तर फोन ठेवायचा, हे मात्र यंदा पहिल्यांदा लिहूनच लावायचं. आणि नव्या माणसाने पहिला आठवडा खांबाजवळ बसायचं. काम कुठलंही असो, बसायची जागा ती.

रविवारी बैठक आहे. बॅटरीवरून वाद होईल, सेट खांबावरच ठेवायचा की दाराकडे न्यायचा यावरून त्याहून जास्त होईल. लांबवून चालणार नाही, श्रावण तोंडावर आहे, पाट यायला लागलेत आणि त्यांच्या मागून फोनही.